भावी गणित शिक्षक उदाहरण सोडवताना नेमका कुठे विचार करतात?

रफवही

सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बीएडला गणित अध्यापन पद्धती शिकवते. परवा पद्धतीच्या तासाला मुलांना एक गणित घातलं. (मुलं आपली म्हणायची. त्यात एमएस्सी झालेले आहेत, खासगी क्लास चालवणारे आहेत, लेकराला सासूकडे ठेवून येणाऱ्याही आहेत.) गणित असं:

एक स्कूटर साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट ताशी २० किमी वेगाने चढली आणि त्याच रस्त्याने परत आली. जाऊन-येऊन सरासरी वेग ताशी ४० किमी पडायचा असेल, तर उतरताना तिचा वेग किती हवा?

अट एकच. पेन्सिल आणि खोडरबर पिशवीत. पेनाने लिहायचं. एखादी पायरी नको वाटली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि का नको वाटली ते समासात चार शब्दांत टिपायचं.

पुढे वाचण्याआधी तुम्हीही करून बघा. कागदावर, तोंडी नको.

वर्गात बहुतेकांनी मिनिटभरात ६० लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि माना वर. म्हटलं, ताळा करून बघा. केला त्यांनी. २० आणि ६० मिळून ८०, भागिले २, ४०. आला की ताळा! ज्या वाटेने उत्तर आलं त्याच वाटेने ताळाही आला, त्यामुळे कुणाला काही खटकायचा प्रश्नच नव्हता. काही जण 'मॅडम, अंतर दिलेलंच नाही' म्हणून अडून बसले. त्यातल्या एकाने शेवटी अंतर 'अ' धरलं, वेळ काढली आणि मांडलं:

२अ ÷ (अ/२० + अ/क्ष) = ४०

अ उडाला. उरलं १/क्ष = ०. त्याने पुढची ओळ लिहिली, 'म्हणून क्ष = ०', आणि तिच्याभोवती चौकट काढली. मी मागेच उभी होते, काही बोलले नाही. पेन चौकटीवर टेकवून तो बराच वेळ बसला. मग त्या ओळीवर रेघ आली आणि समासात लिहिलं, 'शून्य वेगाने खाली कसा येईल? वरच थांबला?' त्याखाली पुन्हा १/क्ष = ० आणि 'अशी संख्या नाही'. इथे सोडलं असतं तरी मी खूश होते. पण त्याने आणखी एक केलं. 'अ = १० धरू. चढायला अर्धा तास. एकूण २० किमी, ४० च्या वेगाने अर्धाच तास. सगळी वेळ चढण्यातच गेली.' आणि तिथून वर समीकरणाकडे बाण काढून लिहिलं, 'म्हणून ० आलं'.

त्या बाणासाठी मी हा धागा काढलाय. कारण त्याच मुलाच्या चिंतन नोंदवहीत (तासात काय शिकलो, काय वाटलं ते लिहून सहीला द्यायची वही) त्या दिवसाची नोंद आहे ती अशी: 'आजच्या तासात सरासरी वेग ही संकल्पना स्पष्ट झाली. तास आनंददायी झाला.' ६० लिहिणाऱ्यांच्या वह्यांतही जवळपास हेच वाक्य. म्हणजे विचार झाला कच्च्या कामात, आणि आम्ही गुण देतो नोंदवहीला. भावी शिक्षकाचं चिंतन बघायचं तर त्याने खोडलेल्या ओळी बघाव्यात, असं माझं मत होत चाललंय. इथे बीएड-डीएडला शिकवणारे आणि शाळेतले बरेच जण आहेत. तुम्हाला काय वाटतं?

मिरजेचा_तंबोरा

६०. यात एवढं काय?

भडंग

तंबोरेबुवा, प्रतिसाद द्यायच्या आधी धागा वाचायचा असतो.

मिरजेचा_तंबोरा

वाचला. पटला नाही. २० ने गेला, ६० ने आला, सरासरी ४०. आम्हाला असंच शिकवलंय.

कृष्णाकाठी

रफवहीताई, ताळ्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यावर मला जास्त बोलायचंय. सांगलीत माध्यमिक शाळेत गणित शिकवण्यात हयात गेली, आता निवृत्त आहे.

ताळा आपण मुलांना शिकवतो तो आरतीनंतरच्या मंत्रपुष्पांजलीसारखा. शेवटी म्हणायचाच असतो, म्हणून म्हणायचा. 'डावी बाजू = उजवी बाजू' लिहिलं की गुण. पण मुलगा ताळा कशात करतो? स्वतःच्या समीकरणात. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर?

हे बघा. वडील आणि मुलगा यांच्या वयांची बेरीज ४५. पाच वर्षांपूर्वी वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या चौपट होतं. मुलाचं वय क्ष धरलं तर वडील ४५ − क्ष. पाच वर्षांपूर्वीचे वडील ४० − क्ष. इथवर सगळे येतात. आता चौपट कशाची घ्यायची? मुलाची पाच वर्षं वजा करायला विसरला की ४० − क्ष = ४क्ष, म्हणजे क्ष = ८. पूर्णांक आलाय, त्यामुळे संशयही येत नाही. ताळा: ४० − ८ = ३२, ४ × ८ = ३२. फक्कड जमला! आता गोष्टीत घालून बघा. मुलगा ८, वडील ३७. पाच वर्षांपूर्वी मुलगा ३, वडील ३२. चौपट कुठे आहे? दहापटीच्याही वर गेलं.

खरं उत्तर १२ आणि ३३. पाच वर्षांपूर्वी ७ आणि २८.

म्हणून माझा वर्गातला नियम होता की ताळा करताना समीकरणाकडे बघायचं नाही. वही झाकायची, पुस्तकातलं शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचायचं आणि प्रत्येक वाक्याला उत्तर लावून बघायचं. मुलं कंटाळायची. सराव पाठाला येणारे छात्राध्यापक, म्हणजे बीएड-डीएडची मुलं, त्याहून जास्त कंटाळायचे, कारण त्यांच्या पाठ टाचणात (तासाच्या लेखी आखणीत) त्याला वेळच ठेवलेला नसायचा.

खोडलेल्या ओळींचं तुमचं म्हणणं मात्र मला अर्धंच पटतं. ज्याने ६० लिहिलं त्याच्याकडे खोडलेली ओळच नाही. त्याचं काय करणार?

रफवही

सर, तोच तर माझा पेच आहे. खटकलं की विचार सुरू होतो. ज्याला खटकतच नाही त्याला खटकवायचं कसं? 'पुन्हा बघ' म्हटलं की तो पुन्हा तेच बघतो. वही झाकून वाचायची तुमची युक्ती उद्याच वापरते.

वाचनखूण

खटकण्यावरून. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूईने १९१० मध्ये विचारप्रक्रियेवर लिहिलं तेव्हा हेच मांडलं होतं. सरधोपट चाललेलं असतं तोवर माणूस विचार करत नाही. वाट फुटते आणि कुठल्या वाटेने जावं कळत नाही, तिथे विचार सुरू होतो. मग तो शक्यता धरतो, तिचे परिणाम तपासतो, पुरावा मिळेपर्यंत निर्णय लांबवतो. हा निर्णय लांबवण्याचा भाग आपल्याला फार जड जातो.

हेच ड्यूई कोलंबियात बाबासाहेबांचे गुरू. आणि बाबासाहेबांचा साताऱ्यातल्या शाळेतला प्रवेश ७ नोव्हेंबर १९०० चा, राजवाड्याजवळच्या आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमधला. महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. धाग्याशी तसा थेट संबंध नाही, पण साताऱ्यात बसून ड्यूईचं नाव घेतलं की आठवतंच.

पुढे गणितज्ञ जॉर्ज पोल्याने १९४५ मध्ये गणित सोडवायचे चार टप्पे सांगितले: उदाहरण समजून घ्या, योजना करा, ती पार पाडा, मागे वळून बघा. बीएडच्या परीक्षेत हे चार टप्पे सगळ्यांना पाठ असतात. उत्तरपत्रिकेत चौथा टप्पा लिहिणारा मुलगा स्वतः गणित सोडवताना मात्र तिसऱ्यावर टोपण लावतो.

मला सगळ्यात कामाचा वाटतो तो गणित शिक्षणाचा अभ्यासक अॅलन शोनफेल्ड. त्याने १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांच्या जोड्या गणित सोडवताना रेकॉर्ड केल्या. दिसलं असं, की विद्यार्थी उदाहरण वाचतात, झटकन एक दिशा पकडतात आणि हाती वेळ असेल तोवर तीच रेटतात. गणितज्ञाचा वेळ जातो तो समजून घेण्यात, करून बघण्यात, सोडून देण्यात, परत येण्यात. म्हणून शोनफेल्ड वर्गात फिरताना तीनच प्रश्न विचारायचा. नक्की काय करतोयस? का करतोयस? त्याने पुढे काय साधेल? पहिल्या-पहिल्यांदा पोरांना उत्तर देता येत नाही. पण हा माणूस येऊन विचारणारच म्हटल्यावर ती आधीच आपापसात विचारायला लागतात.

ताई, ६० वाल्याला 'ताळा कर' म्हणण्याऐवजी 'दोनाने का भागलंस?' असं विचारून बघा.

छात्राध्यापक_विटा

मी स्वतः बीएड दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या आंतरवासितेत. सांगली जिल्ह्यातली शाळा आहे, नाव नको. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत काढायचे असतात हे इथल्यांना माहीतच आहे.

नोंदवहीबद्दल खरं सांगतो, ती सहीसाठी लिहिली जाते. सही शनिवारी, म्हणून शुक्रवारी रात्री आठवडाभराचं चिंतन एकदम. ग्रुपवर एकाचं फिरतं, बाकीचे 'आनंददायी'च्या जागी 'उद्बोधक' घालतात. यात कुणी वाईट नाही. दिवसाला तीन तास घ्यायचे, टाचण काढायचं, शैक्षणिक साधन करायचं, शाळेतल्या कार्यक्रमाला रांगोळीही आम्हीच काढायची. रात्री चिंतन करायला डोकं कुठलं शिल्लक?

पण डोकं चालतं ते फळ्यासमोर. सहावीच्या वर्गावर भागाकाराचं उदाहरण घातलं. सहलीला १०० मुलं, एका एसटीत ४४ बसतात, गाड्या किती लागतील? मला हवं होतं ३. एका पोराने लिहिलं '२ गाड्या, बाकी १२'. मी म्हटलं, अरे ते १२ कसे जातील? तो म्हणाला, 'सर, उभे राहतील की. आमच्या गाडीत रोज राहतात.'

वर्ग हसला. मीही हसलो. पण माझं पुढचं वाक्य तयार होतं, 'उत्तर पूर्णांकात वाढवून घ्यायचं', आणि ते तोंडातच राहिलं. कारण उदाहरणात उभं राहायचं नाही असं कुठे लिहिलंय? त्या पोराने बाकीचा अर्थ लावला होता. ज्यांनी ३ लिहिलं त्यातल्या कितींनी लावला आणि कितींनी 'बाकी उरली की एक वाढवायचा' हे पाठ केलं होतं, ते मला सांगता येणार नाही. मी फळ्यावर दोन्ही उत्तरं लिहिली आणि कोणत्या अटीवर कोणतं बरोबर ते मुलांनाच विचारलं. टाचण तिथे संपलं. निरीक्षकांच्या वहीत शेरा आला, 'वेळेचे नियोजन सुधारावे'.

रफवही

छात्राध्यापक, तुमचा हा प्रतिसाद कुठल्याही नोंदवहीपेक्षा भारी आहे.

तुमच्या एसटीचं अमेरिकन भावंडही आहे. तिथल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, १,१२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, बस किती? भागाकार सुमारे ७० टक्के मुलांना बरोबर जमला, पण ३२ हे उत्तर फक्त २३ टक्क्यांनी दिलं. २९ टक्क्यांनी लिहिलं, '३१ बाकी १२'. गंमत म्हणजे बाकी तुमच्यासारखीच १२. पण त्या मुलांनी बाकीला उभं केलं नव्हतं, नुसतं लिहून सोडलं होतं. तुमच्या पोराचं उत्तर दिसायला त्यांच्यासारखंच, आत मात्र विचार आहे. म्हणून नुसत्या उत्तरावरून काही कळत नाही, आणि म्हणून मी खोडलेल्या ओळींवर अडून बसलेय.

वाचनखूण, तुमच्या यादीत डोनाल्ड शॉनची भर घालते. १९८३ मध्ये त्याने काम चालू असताना होणारा विचार आणि काम संपल्यावरचा विचार वेगळे काढले. छात्राध्यापकांचं वाक्य तोंडातच राहिलं तो पहिला. आमची छापील नोंदवही फक्त दुसरा मागते, तोही शनिवारी.

तिरपागडा

सगळं छान आहे. आता जरा जमिनीवर या. हीच मुलं शिक्षक व्हायला जी अभियोग्यता चाचणी देतात तिच्यात २०० प्रश्न आणि १२० मिनिटं. प्रश्नाला ३६ सेकंद. ताईंच्या वर्गातला तो मुलगा पेन चौकटीवर टेकवून बसला ना, तेवढ्यात त्याचे चार प्रश्न गेले. ६० वाला पुढे गेला. नोकरी कुणाला लागेल?

निवड वेगावर करायची आणि मग शिक्षकाकडे चिंतन नाही म्हणून गळा काढायचा!

दुसरं. खोडलेल्या ओळींना गुण द्यायला लागलात की पुढची बॅच मुद्दाम चुकीची ओळ लिहून मुद्दाम खोडेल. समासातली वाक्यं सीनियरकडून मिळतील. पैजेवर सांगतो.

भडंग

हे मात्र खरं हं. आमच्याकडं एका पोरानं प्रात्यक्षिकाच्या वहीत चहाचा डाग मुद्दाम पाडलेला, वही वापरलेली दिसावी म्हणून.

मिरजेचा_तंबोरा

थांबा, मला एक सांगा. ६० बरोबर नसेल तर ६० ने उतरल्यावर सरासरी पडते किती?

कृष्णाकाठी

तुम्हीच काढा की. अंतर ६० किमी धरा, सोपं जाईल.

मिरजेचा_तंबोरा

६० किमी चढ. २० ने ३ तास. ६० ने उतरला, १ तास. एकूण १२० किमी, ४ तास. ३०?

३० कसं काय?

मिरजेचा_तंबोरा

बरं, १२० ने उतरवला. ३ तास आणि अर्धा तास, साडेतीन. १२० भागिले साडेतीन, ३४ आणि काहीतरी. ३०० ने उतरवला तर ३ तास १२ मिनिटं, साडेसदतीस. च्यायला, हा ४० ला शिवतच नाही.

भडंग

यवतेश्वरावरनं ३०० नं उतरला तर थेट बोगद्यातच सापडायचा.

मिरजेचा_तंबोरा

हसू नका, मला आता झोप यायची नाही. ३ तास तर चढतानाच गेले. १२० किमी ३ तासांत म्हणजे ४०. उतरायला शून्य वेळ मिळाली तरच ४०. म्हणजे हे २० चंच आहे का? ३० ने चढला असता तर ६० ला अडला असता? बहुतेक चढताना जो वेग त्याच्या दुप्पटीला कधीच पोचत नाही, मग उतरताना काय वाट्टेल ते करा. जाताना आणि येताना अंतर सारखं आहे म्हणून. सारखं नसेल तर वेगळं.

रफवही

हा प्रतिसाद वर्गात दाखवू का? पहिल्या '६०. यात एवढं काय?' पासून सगळे, ओळीने.

मिरजेचा_तंबोरा

दाखवा, पण मिरजेचं नाव काढा.

पाटबंधारे

धागा उशिरा पाहिला. पाटबंधारे खात्यात होतो, मुक्काम सांगली. शाळेतल्या गणितांवर माझा राग वेगळा आहे. 'समान वेगाने', 'एकसारख्या दराने' हे शब्द उदाहरणात आधीच पेरून ठेवता आणि विचार करायची जागाच बुजवून टाकता.

आमच्याकडचं गणित घ्या. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी सकाळी ६ ला पाणी ३० फूट, १० ला ३२ फूट. ४० फुटांची इशारा पातळी किती वाजता गाठेल? त्रैराशिकाने चार तासांत दोन फूट, आठ फुटांना सोळा तास, म्हणजे रात्री २ वाजता. उत्तर सुटसुटीत आहे आणि त्याच्या भरवशावर कुणी रात्री १२ ला झोपला तर धोक्याचं आहे.

कारण पाणी फुटाफुटाने सारखं चढत नाही. नदी पात्रात असते तोवर थोड्या पाण्यानेही पातळी भराभर वर येते. काठ सोडून पसरली की तेवढंच पाणी पातळी कमी चढवतं. वर कोयनेतून विसर्ग वाढवला तर ते पाणी इथे यायला तास लागतात, म्हणजे आत्ताचा दर मागच्या विसर्गाचा असतो. खाली हरिपूरला वारणा मिळते. तिला पूर असला तर कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, इथे फुगवटा येतो. ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या घरात गेलं होतं. त्या दिवसांत सांगलीत घरोघरी त्रैराशिक चालू होतं. ज्यांनी 'दर दोन तासांनी पुन्हा मोजू' असं ठरवलं त्यांचं सामान वाचलं.

भावी शिक्षकांना असं गणित द्या की ज्यात गृहीतक त्यांनाच लिहावं लागेल. उत्तर येईल तेव्हा येईल. आधी 'मी काय धरून चाललोय' ही ओळ पाहिजे.

कृष्णाकाठी

साहेब, तुमच्या पाण्याला नमस्कार, पण इथे मी विरोध करणार. सातवीतल्या मुलाला आधी सरळ रेषा तर येऊ द्या. जो अजून चार तासांना दोन फूट यावरून सोळा तास काढू शकत नाही, त्याला वारणेचा फुगवटा सांगून तो फक्त गणिताला घाबरेल. सोपं करून बघणं हीसुद्धा एक विद्या आहे.

पाटबंधारे

मुलांना देऊ नका हो. मी शिक्षक होणाऱ्यांबद्दल बोलतोय. सोपं केलंय हे त्यांना माहीत असावं, एवढंच.

वाचनखूण

यावर लीलावतीतलं उदाहरण चपखल बसेल. भास्कराचार्यांचा ग्रंथ ११५० चा, आणि त्यातली भुंग्यांची गोष्ट बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेली असते. थव्याचा पाचवा भाग कदंबावर, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा केतकी-मालतीच्या गंधात हवेतच घुटमळतोय. एकूण किती?

तिथली रीत इष्टकर्माची. मनाला येईल ती संख्या धरा. ३० धरली तर ६, १०, फरक ४ ची तिप्पट १२, मिळून २८. उरले २. हवा होता १. म्हणून ३० च्या निम्मे, १५.

डीएडच्या मुलांना हे शिकवलं की ती हरखून जातात, क्ष नको आणि काही नको. मग मी उदाहरणाला एक शेपूट लावतो: 'आणखी ४ भुंगे तळ्याकडे उडाले, आणि १ उरला.' ती पुन्हा ३० धरतात. २८ गेले, ४ गेले, उरले वजा २. हवा १. म्हणून ३० ला उणे अर्ध्याने गुणा. उत्तर उणे १५ भुंगे!

आता वर्गात शांतता. उणे भुंगा कुणाला पटत नाही, ताई म्हणतात तसं आपसूक खटकतं. कुणी म्हणतं ३० ऐवजी ६० धरू. ६० धरून बघतात. उरले ४ वजा ४, शून्य. शून्याचा १ कसा करणार? तेही फसतं. मग कुणीतरी हळूच बोलतं की थवा दुप्पट धरला तर पाचवा भाग दुप्पट होतो, पण तळ्याकडचे ४ चारच राहतात. तिथून पुढे मला काही करावं लागत नाही. ते ४ आणि तो १ एकत्र ठेवतात, ३० वर २ उरतात तर ५ साठी ७५. ताळा गोष्टीतच होतो: १५, २५, ३०, ४ आणि १.

तिरपागडा

मान्य, झकास उदाहरण. पण हे उणे भुंगे चाचणीत येत नाहीत. तिथे पर्याय असतात ६०, ८०, ४५, ५०. ताईंचं गणित तिथे टाकलं तर 'अशक्य' हा पर्यायच नसेल.

रफवही

तिरपागडा, चाचणीबद्दल तुमच्याशी भांडण नाही. ३६ सेकंदांत कुणीही सवयीवरच चालेल. माझं म्हणणं एवढंच, की नोकरी लागल्यावर वर्गात ३५ मिनिटांचा तास असतो, ३६ सेकंदांचा नाही. आणि समोरचं पोर 'उभे राहतील की' म्हणतं तेव्हा पर्याय दिलेले नसतात.

मुद्दाम खोडण्याबद्दल मात्र तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. नोंदींच्या तीन पातळ्या करतात, नुसती प्रतिक्रिया, मग विस्तार, मग खोल मनन. सर्बेक आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये शिक्षक-विद्यार्थ्यांच्या नोंदवह्यांसाठी ही मांडणी केली. मी ती तपासायला वापरून पाहिली. मुलांना पातळ्या सांगितल्या की सगळ्यांच्या वह्या तिसऱ्या पातळीच्या भाषेत बोलायला लागतात. 'या अनुभवाने माझ्या दृष्टिकोनात आमूलाग्र बदल झाला', वगैरे. भागाकाराने!

त्यामुळे आता खोडलेल्या ओळीला गुण नाहीत असं ठरवतेय. पान शेजाऱ्याला द्यायचं आणि शेजाऱ्याने तोंडी सांगायचं, इथे याला काय खटकलं असेल. खोटं खोडलेलं शेजाऱ्याला पटकन ओळखू येतं, माझ्यापेक्षा लवकर.

तिरपागडा

शेजारी मित्र असला तर ओळखूनही सांगणार नाही. बघा तुम्ही.

छात्राध्यापक_विटा

मॅडम, एक व्यावहारिक अडचण. आमच्या छापील नोंदवहीत चौकटी आहेत: उद्दिष्टे, कार्यवाही, निष्पत्ती, सही. कच्चं काम लावायला जागाच नाही. वर्गातलं एसटीचं पान मी ठेवलंय, दोन्ही उत्तरं त्याच्यावर आहेत. ते कुठे घालू?

रफवही

'निष्पत्ती'च्या चौकटीत 'सोबतचे पान पाहावे' एवढं लिहा आणि पान पुरवणीसारखं दोऱ्याने बांधा. स्टेपल करू नका, गठ्ठ्यात निघून येतं. तुमच्या मार्गदर्शकांनी हरकत घेतली तर आधी त्यांना गणित घाला.

भडंग

कुठलं? यवतेश्वराचं?

रफवही

नाही, ते सगळीकडे पसरलंय आता. भुंग्यांचं, शेपटासकट.